दोन खिडक्या आणि थोरले मामा

सरकारवर माझ्या थोरल्या मामांनी जेवढा जीव लावला, तेवढा खुद्द सरकारनंही स्वतःवर कधी लावला नसेल. मुळा धरणाच्या कालव्यावर ते पाटकरी होते. म्हणजे पाटाचं पाणी ठरलेल्या पाळीप्रमाणे कुणाच्या शेतात किती वेळ जाणार ते बघून गेट उघडणारा आणि बंद करणारा माणूस. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली, पण अजूनही त्यांच्या जगात दोनच रकाने आहेत, एक सरकारी आणि दुसरा खाजगी. समोर येणारी प्रत्येक गोष्ट ते आधी एका रकान्यात बसवतात आणि मगच तिच्याशी बोलतात. एसटी सरकारी, वडापची जीप खाजगी. पोस्टातलं पाकीट सरकारी, कुरिअर खाजगी. आकाशवाणीवरचं हवामान सरकारी, मोबाईलवरचं खाजगी. त्यामुळे आकाशवाणीनं पाऊस सांगितला की मामा लख्ख उन्हात छत्री घेऊन निघायचे आणि कोणी हसलं तर म्हणायचे, "आत्ता न्हाई आला. येनारच न्हाई आसं कोन म्हनलं?" मी आठवीत असताना त्यांना कोंडीत पकडायचं म्हणून एकदा विचारलं होतं, "मामा, मग पाऊस स्वतः कुठला? सरकारी का खाजगी?" भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून मामांनी बराच वेळ विचार केला. "पाऊस खाजगी," ते म्हणाले. "कुनाला जबाबदार हाय का त्यो? धरनात पडला की मग सरकारी."

माझं घर घोडेगावचं. तिथल्या जनावरांच्या बाजारात वडील टेम्पोत म्हशी चढवण्याचं काम करायचे. आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, शाळेत कधी गेलीच नव्हती. आठवीपासून मामांनी मला शनिशिंगणापूरला आपल्याकडे नेलं, सोनईच्या शाळेत घातलं आणि पदवी हातात पडेपर्यंत ठेवून घेतलं. आमच्या घराण्यात पदवीधर झालेला मी पहिला माणूस. प्रमाणपत्रावर नाव माझं असलं तरी त्या पदवीत मामींच्या आठ वर्षांच्या भाकऱ्या आहेत आणि मामांची आठ वर्षांची एसटी आहे. एसटी अशासाठी, की शाळेला जाताना जीपमध्ये बसायला मला बंदी होती. गाडी चुकली किंवा आलीच नाही तर मामा माझ्याबरोबर थांब्यावर उभे राहायचे. जीपवाला पुढे येऊन थांबायचा, "चला की मामा, दोन शिटा मोकळ्या हायेत," म्हणायचा, आणि मामा त्याच्याकडे परस्त्रीकडे बघू नये तसे बघायचे नाहीत. एकदा तासभर वाट पाहून आम्ही दोघं चालत निघालो, तेव्हा तो जीपवाला रिकामी जीप घेऊन आमच्या चालीनं शेजारून चालवत सोनईपर्यंत आला. वाटभर त्यांच्या गप्पा झाल्या. कांद्याच्या झाल्या, पुढाऱ्यांच्या झाल्या, त्याच्या पोरीच्या लग्नाच्या झाल्या. मामा जीपमध्ये बसले नाहीत आणि त्यानं जीप पुढे काढली नाही.

शिंगणापुरातल्या घरांना दारं नसतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. आमच्या चौकटीलाही नुसता पडदा होता. घरात कुलूप असं एकच होतं, ते पाटाच्या गेटाचं, आणि त्याची किल्ली मामांच्या करगोट्याला असायची. अशा घरात वाढलेल्या माणसाला काही लपवायची सवयच लागत नाही. चूल पेटली नाही तरी शेजाऱ्याला दिसणार, नवराबायकोत बोलाचाली झाली तरी रस्त्यावर ऐकू जाणार. मामा तर एक पाऊल पुढे होते. दर्शनाला आलेला कोणी अनोळखी माणूस पाणी प्यायला ओट्यावर टेकला, तर पेला रिकामा होईपर्यंत त्याला मामांचा पगार, मामींचे गुडघे, आणि मी गणितात नापास झालो होतो हे सगळं कळलेलं असायचं. मी चिडलो की म्हणायचे, "ज्याच्या घराला दार न्हाई, त्यानं तोंडाला कडी कशाला लावायची?"

आणि पाळीच्या बाबतीत तर ते भयंकरच होते. त्यांची स्वतःची दोन एकर पाटाखालीच. एका उन्हाळ्यात आमच्या कांद्याला पाणी चालू होतं. मामी फावडं घेऊन वाफे भरत होत्या, मी बारे देत, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत होतो, आणि मामा वर भरावावर हातातलं घड्याळ बघत उभे. वेळ झाली आणि त्यांनी गेट खाली घेतलं. खालून मामी ओरडल्या, "आवं, दोन वाफं ऱ्हायल्यात की!"

"बाई, पाळी संपली," मामा म्हणाले. कामावर असताना ते मामींना 'बाई' म्हणत.

"आवं पर आपलंच हाय वावर!"

"म्हनून तर बंद केलं. दुसऱ्याचं आस्तं तर इचार केला आस्ता."

ते दोन वाफे वाळले. त्या रात्रीच्या जेवणाला मामींनी मामांना मोजून दोन भाकरी वाढल्या. तिसरी मागितल्यावर म्हणाल्या, "पाळी संपली." मामांनी मुकाट्यानं हात धुतला. मला वाटतं, तेव्हाही त्यांना मामींचं बरोबर आहे असंच वाटलं असावं.

पदवीनंतर मला नोकरी लागली ती नगरच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात, सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवर. पेशंट योजनेत बसतो का बघायचं, कागद जमवायचे, मंजुरी येईपर्यंत पाठपुरावा करायचा, हे माझं काम. नोकरी लागल्याचं कळल्यावर मामा मुद्दाम ती बघायला आले, अर्थात एसटीनं. दवाखान्यात शिरल्यावर आधी त्यांनी अंगाला लागलेल्या गार हवेबद्दल तक्रार केली. "रोग्याला बरं करत्यात का ताजा ठेवत्यात?" मग ते माझ्या खिडकीसमोर उभे राहिले. शेजारीच दुसरी खिडकी आहे, खाजगी विमा असलेल्यांची. तिथे एक मुलगी बसते. मामांनी दोन्ही पाट्या वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि मला बाहेर बोलावून घेतलं.

"योजना सरकारची?"

"हो."

"दवाखाना खाजगी?"

"हो मामा."

"मग डाक्टर कुनाचा?"

"डॉक्टर दवाखान्याचा. आपल्या खिडकीवरून पेशंट गेला तर खर्च योजना देते, शेजारच्या खिडकीवरून गेला तर विमा कंपनी देते. ऑपरेशन तेच, डॉक्टर तोच, खाटही तीच."

मामांचा चेहरा असा झाला, की जणू एसटी महामंडळानं वडापची जीप भाड्यानं घेतली आहे असं मी सांगितलं असावं. मी त्यांना समजावू लागलो. सरकारनं सगळीकडे दवाखाने बांधायचे आणि चालवायचे म्हटलं तर वेळ लागतो, आणि खाजगीवाल्यांवरच सोडलं तर घोडेगावच्या बाजारातल्या माणसाला दारात कोणी उभं करणार नाही. मी कॉलेजात या विषयावर निबंध लिहिला होता आणि तो बराच चांगला झाला होता, म्हणून मी जरा रंगात आलो होतो. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. "तू कुठल्या रकान्यात?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, पगार योजनेकडून येतो. त्यांचा जीव भांड्यात पडला. जाताना शेजारच्या खिडकीतल्या मुलीला ते दयेनं म्हणाले, "बाळ, तू बी परीक्षा दे. निघंल कुठं तरी जागा."

त्यानंतरची गोष्ट फॉर्मची. मामांचा मुलगा पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्यानं आईवडिलांसाठी खाजगी आरोग्य विमा काढायचं ठरवलं आणि फॉर्म गावी पाठवला. मामा सहीच करणार नाहीत अशी आमची खात्री होती. पण मामींनी "पोराचं मन मोडू नगा" म्हटल्यावर ते फॉर्म घेऊन ओट्यावर बसले. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: यापूर्वी आपणांस कोणता आजार किंवा दुखापत झाली आहे का, असल्यास तपशील द्यावा. उत्तराला दोन बोटं जागा होती. मामांनी 'सोबत जोडले आहे' असं लिहिलं आणि अकरा फुलस्केप पानं जोडली. पाटाच्या नोंदवहीसारखे रकाने आखलेले: चालू नंबर, साल, आजार, उपाय, शेरा. मी ती पानं पुढे वाचली. 'गोवर, बालपणी, आईच्या सांगण्यावरून.' 'विंचू, दोन वेळा, एकाच पायास.' 'बैलाने लाथ मारली, डावी मांडी. शेरा: बैल मयत.' 'दाढ एक, काढली. मागितल्यास हजर करू.' मामींसाठी वेगळी तीन पानं होती. त्यात शेवटची नोंद अशी: 'भरावावर चढताना दम लागतो. चार वर्षांपासून. विचारल्यास नाही म्हणते.'

कंपनीच्या माणसानं माझ्या मामेभावाला फोन करून विचारलं, "साहेब, वडील लेखक आहेत का?" भाऊ वडिलांवर चिडला. "एवढं लिहायची काय गरज होती, दादा?" तर मामा म्हणाले, "त्यांनी इचारलं म्हनून सांगितलं. आयकायचं नव्हतं तर इचारायचं कशाला?" पॉलिसी आली, पण एक अट घेऊन. जे आजार लिहून दिलेत त्यांचा खर्च तीन वर्षं मिळणार नाही. मामांना यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट पहिल्यांदाच खाजगी कंपनीबद्दल त्यांना थोडा आदर वाटला. "म्हंजे दुखन्याला बी प्रोबेशन हाय," ते म्हणाले. "बरोबर हाय."

पण दुखणं प्रोबेशन संपेपर्यंत थांबलं नाही. वर्षभरातच एका सकाळी पीठ मळता मळता मामी परातीवर वाकल्या आणि त्यांना श्वास घेता येईना. मामेभाऊ कंपनीच्या कामासाठी परदेशात होता. मामांनी मामींना घेऊन थेट माझ्या दवाखान्यात आणलं, आणि आणलं जीपनं. तोच जीपवाला. मामा पुढे बसले होते आणि मामींचं डोकं पडू नये म्हणून मागे हात करून धरून होते. त्यांना त्या जीपमधून उतरताना पाहिलं तेव्हाच मला कळलं, गोष्ट साधी नव्हती.

तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप खराब झाली होती. डॉक्टर चित्र काढून समजावू लागले, की रक्त पुढे गेल्यावर ही झडप मिटायला हवी, ती नीट मिटत नाही, म्हणून रक्त मागे फिरतं. मामांनी चित्राकडे एकदाच पाहिलं. "गेट गळतंय," ते म्हणाले. "पानी मागं येतंय. वायसर गेलाय. भराव फुगत आसंल."

डॉक्टर दचकले. "अगदी बरोबर. हृदयाचा आकार वाढलाय."

"मग गेट बदलायला लागनार."

"हो. महिन्याभरात. त्याच्यापुढे गेलं तर हृदय इतकं थकेल, की ऑपरेशनच झेपणार नाही."

बाहेर बाकावर मामी बसल्या होत्या. दम लागत असतानाही त्यांनी मला विचारलं, "तू जेवलास का रं?" मी मान हलवली आणि खिडकीत जाऊन बसलो. आठ वर्षं ज्या हातचं खाल्लं त्या माणसासाठी माझ्या हाती आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी होतं, आणि ते मला नीट करता यायला हवं होतं.

आधी शेजारच्या खिडकीवर पॉलिसी दिली. त्या मुलीनं मनापासून प्रयत्न केले. दोनदा फोन लावला, मोठ्या साहेबांशी बोलली. दुपारी उत्तर आलं, खर्च मंजूर नाही. दम लागण्याची नोंद मामांनी स्वतःच करून दिली होती आणि तीन वर्षं झाली नव्हती. ती मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "काका, ती एक ओळ नसती तर..." मग तिनेच मान हलवली. "नाही, तरी नसतं झालं. डॉक्टरांच्या कागदावर आलंच असतं, आणि मग लपवलं म्हणून नाकारलं असतं."

"तू वाईट वाटून घिऊ नगं," मामा तिला म्हणाले. "तुजी पाळीच न्हाई ही."

मग माझी खिडकी. योजनेला रेशनकार्ड लागतं. मी हात पुढे केला, तर मामांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. ती रेशनकार्ड परत केल्याची पोच होती. काही वर्षांपूर्वी पत्रक निघालं होतं, की ज्यांचं बरं चाललंय त्यांनी स्वस्त धान्य आपण होऊन सोडावं. गावात ते पत्रक बहुतेकांनी वाचलंच नव्हतं. मामांनी वाचलं आणि धान्याबरोबर अख्खं कार्डच तहसीलमध्ये नेऊन दिलं. कारकून बिचारा सांगत होता, "कार्ड ठेवा हो, नुसतं धान्य सोडा." मामा म्हणाले होते, "पोच द्या." आता नवं कार्ड निघायला किती दिवस लागतील याचा नेम नव्हता. सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन करायचं तर पुण्याला जायचं, आणि तिथं नंबर केव्हा लागेल ते कोणी सांगेना.

मी डोकं धरून बसलो. मग सवयीनं मामींचं आधार कार्ड उचललं, जन्मतारीख पाहिली आणि खुर्चीतून उठलोच. सत्तरीच्या पुढच्या माणसांसाठी योजनेत वेगळं कार्ड आहे. त्याला रेशनकार्ड लागत नाही, उत्पन्न विचारत नाहीत. फक्त आधारवरचं वय. मामींच्या आधारवर एक जानेवारी होती आणि वर्षाचा हिशेब होत होता एकाहत्तर.

"मामा, झालं काम! मामी सत्तरीच्या वर आहेत!"

मामा थंडपणे म्हणाले, "ती सदुसष्टची हाय."

"आधारवर एकाहत्तर आहे."

"शिबिरात आपरेटरनं ठोकलं आसंल अंदाजे. मी पाटावर हुतो तवा. लग्नात ती एकोनीसची हुती, मी एकवीसचा. अठ्ठेचाळीस वर्सं झाली. कर बेरीज."

मला रडू यायचं बाकी होतं. मी म्हणालो, "मामा, आधार सरकारी कागद आहे ना?"

"हाय."

"मग सरकारी कागद खोटा?"

सगळं आयुष्य मामांनी सरकारी कागद आणि खरं बोलणं ही एकच गोष्ट आहे असं धरून काढलं होतं, आणि आज ते दोन्ही त्यांच्यासमोर वेगवेगळे उभे होते. ते उठून पाण्याच्या टाकीकडे गेले, पाणी प्याले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा परतले तेव्हा ठरवून आले होते. "खोट्या वयावर सरकारचं घ्यायचं म्हंजे रातचं गेट उचलून दुसऱ्याच्या पाळीचं पानी घेन्यासारखं हाय. पोराच्या डोक्यावर आदीच घराचं कर्ज हाय. दोन एकर इकू. पाटाखालची जमीन हाय, आठ दिवसांत गिऱ्हाईक मिळंल."

"आन् मंग खानार काय? पोच?"

हे मामी बोलल्या. बाकावरून, दम खात खात. "इकडं या. बसा आदी." मामा शेजारी बसले. मामी त्यांच्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी एकाहत्तरचीच हाय. आपरेटरला मीच सांगितलं हुतं. आई आजारी हुती म्हनून माझं लगीन लांबलं. वय झालेली पोरगी कोन करील, म्हनून आमच्या बापूंनी तुमाला चार वर्सं कमी सांगितलं."

मामांचं तोंड उघडं राहिलं. "म्हंजे लग्नात तू तेवीसची?"

"व्हय."

"माज्याहून मोटी?"

"दोन वर्सांनी."

"आन् अठ्ठेचाळीस वर्सं मला आवं-जावं करतीस?"

"मंग काय अरे-तुरे करू? म्हनत आसाल तर आता बी करते." मामींना हसू आलं आणि त्याबरोबर खोकला आला. शेजारच्या खिडकीतली मुलगी पाण्याची बाटली घेऊन धावली.

मामा उठून माझ्यासमोर आले. "दे कुठं सही करायची ती." संमतीच्या कागदावर त्यांनी आपली सावकाश, कोरीव सही केली आणि पेन खाली ठेवता ठेवता थांबले. सहीखाली बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं: 'वय पत्नीच्या तोंडी माहितीनुसार.' मी ते खोडायला सांगितलं नाही. कागद तसाच वर गेला आणि मंजुरी आली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मामांनी डॉक्टरांना नवी झडप कुठली बसवणार ते विचारलं. परदेशी कंपनीची, असं कळलं. "सरकारी येत न्हाई का?" मामांनी आशेनं विचारलं. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "बसवा मग. गळली न्हाई म्हंजे झालं." ती गळली नाही. दहाव्या दिवशी मामी घरी आल्या. चौकटीचा पडदा बाजूला करून अर्धं गाव आत आलं, आणि मामांनी सगळ्यांना तपशीलवार सांगितलं: पैसा सरकारचा, दवाखाना खाजगी, झडप परदेशी. "एकूनात आमची बायको आता निमसरकारी हाय."

पुढच्या महिन्यात मी सुट्टीला गेलो होतो तेव्हा वांबोरीहून मामींचे थोरले भाऊ बहिणीला बघायला आले. पंच्याऐंशीच्या घरातले, ऐकू कमी येणारे, पण आठवण पक्की. मला मनातून वाटलं, आता मामा विचारणार. एखादी शंका मनात आली तर ती फेडल्याशिवाय त्या माणसाला पाणी गोड लागत नाही, आणि उत्तर माहीत असलेला जगातला बहुधा शेवटचा माणूस समोर बसला होता. मामांनी पावसाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं, कांद्याचं विचारलं. मामी आतल्या खोलीत पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष बाहेर होतं. म्हातारे स्वतःच आठवणींत शिरले. "दाजी, ही लई सोसलेली पोर. आई हातरुनाला खिळली तवा सगळं हिनंच केलं. तवा ही केवढी आसंल, मी सांगतो तुमाला, ज्या साली आमच्या हिरीला पानी लागलं..."

"पाव्हनं," मामा मोठ्यानं म्हणाले, "च्या गार व्हतोय."

म्हाताऱ्यांनी बशी तोंडाला लावली. आत मामींनी लुगड्याचा पदर उगाच सारखा केला.

संध्याकाळी थांब्यावर मला सोडायला मामा आले. गाडीला वेळ होता. मी न राहवून विचारलं, "मामा, विचारलं का नाही त्यांना?"

"खरं निगालं तर अठ्ठेचाळीस वर्सं मी बायकोचं वय चुकीचं सांगत आलो, एवढंच. त्याचं काय न्हाई," मामा म्हणाले. मग जरा हळू आवाजात, "पर खोटं निगालं तर? माझी जमीन जाऊ नये म्हनून ती बोलली आसंल, जीव तिचा जात आस्ताना." त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. "ऱ्हाऊ दे. एखांदी गोष्ट दोघांतल्या एकालाच माहीत आसावी."

गाडी आली. मी चढलो, खिडकीशी बसलो आणि हात केला. मामांनी हात वर केला खरा, पण त्यांची मान तोवर घराकडे वळली होती. मामींच्या गोळीची वेळ झाली होती, आणि ते त्या वयात झेपेल तेवढ्या भराभर निघाले होते.